घराच्या रक्षणासाठी १२ बोअर दुनळीत कोणते काडतूस ठेवावे?

कास्तकार_घाटंजी

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापूस आणि तूर करणारा कास्तकार आहे. आमचे घर गावठाणापासून दीड किलोमीटरवर, वावरातच आहे आणि पोलीस ठाणे तिथून अठरा किलोमीटर पडते. आजोबांनी घेतलेली बेल्जियन बनावटीची १२ बोअरची दुनळी आजवर वडिलांच्या परवान्यावर होती. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर २०१६ च्या शस्त्र नियमांतील वारसाच्या तरतुदीनुसार अर्ज केला आणि यंदा परवाना माझ्या नावावर झाला. परवान्यावर प्रयोजन म्हणून स्वसंरक्षण लिहिलेले आहे.

मागच्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास कुणीतरी मोटारपंपाच्या खोलीचे कुलूप तोडले. कुत्रे भुंकल्यामुळे ते लोक पळाले, पण पावलांचे ठसे आमच्या सपरीपर्यंत आलेले होते. भाव चढेल या आशेने ठेवलेला चाळीस क्विंटल कापूस पुढच्या खोलीत आहे आणि तो तिथे आहे हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. तेव्हापासून वडिलांना झोप नाही.

घराची रचना सांगतो, कारण तिचा संबंध येईल असे वाटते. नवीन भाग नऊ इंची विटांचा आहे, जुना भाग मातीच्या भिंतींचा आहे आणि दोन्हींवर टिनपत्रे आहेत. मागच्या सपरीला लागून आमच्या सालदाराची खोली आहे. तिच्या भिंती कुडाच्या, म्हणजे बांबूच्या तट्ट्यावर शेणमाती लिंपलेल्या, आणि तिथे तो, त्याची बायको आणि दोन लहान मुले झोपतात.

दुकानदाराने मला दहा काडतुसे एलजीची, म्हणजे सर्वांत जाड छऱ्यांची, आणि दहा चार नंबरची दिली. घरातल्या संरक्षणासाठी ‘नंबर ४ बक’ उत्तम, असे मी दोन-तीन अमेरिकी व्हिडिओंमध्ये ऐकले असल्याने चार नंबर हाती आल्यावर समाधान वाटले. तरी विचारतो की घरात एलजी ठेवावे की चार नंबर? आणि छऱ्यांची बंदूक असल्यामुळे नेम धरण्याची फारशी गरज नसते, हे आमच्या गावातले म्हणणे कितपत खरे आहे?

माजी_सैनिक_वरूड

भाऊ, आधी एक गैरसमज दूर करतो, कारण याच गैरसमजापायी पुष्कळांच्या घरात चुकीचे काडतूस पडून आहे. व्हिडिओतला अमेरिकी ‘नंबर ४ बक’ आणि तुमच्या हातातला चार नंबर यांचा आकड्यापलीकडे काहीही संबंध नाही. अमेरिकेत छऱ्यांच्या दोन वेगळ्या मालिका आहेत, एक पाखरांची आणि एक हरणांची, आणि दोन्हींत चार नंबर असतो. हरणांच्या मालिकेतला चार नंबरचा छर्रा सुमारे ६.१ मिलिमीटर जाडीचा असतो. आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून ब्रिटिश मापे चालत आली आहेत, आणि त्या मापातला चार नंबर हा ३.१ मिलिमीटरचा, तितर-बदकांसाठीचा छर्रा आहे.

आपली मापे अशी आहेत. एलजीचा छर्रा ९.१ मिलिमीटरचा असून एका औंसात, म्हणजे सुमारे २८ ग्रॅममध्ये, असे सहाच मावतात. एसजी ८.४ मिलिमीटरचा, औंसात आठ. अमेरिकी लोक ज्याला ‘डबल ऑट’ म्हणतात तो जवळपास हाच. एसएसजी ६.८ मिलिमीटरचा, औंसात साधारण पंधरा. त्याखाली एएए (५.२ मिलिमीटर, औंसात ३५), बीबी (४.१ मिलिमीटर, औंसात ७०), मग चार नंबर (औंसात १७०) आणि सहा नंबर (२.६ मिलिमीटर, औंसात २७०). म्हणजे व्हिडिओवाल्याला जे अभिप्रेत होते, त्याच्या सर्वांत जवळचे आपले काडतूस एसएसजी आहे आणि तेच दुकानदाराने तुम्हाला दिलेले नाही. त्याने जे दिले ते आपल्याकडच्या सवयीने दिले. एक डुकरासाठी आणि एक पाखरासाठी, हीच दोन काडतुसे पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली, आणि घर राखायला कोणते लागते हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही.

आता नेमाविषयी. गावातले म्हणणे साफ चुकीचे आहे. चोक, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद केलेला भाग, नसलेल्या नळीतून निघालेले छर्रे दर मीटरला ढोबळमानाने अडीच सेंटिमीटर फाकतात आणि चोक असलेल्या नळीतून त्याहून कमी. तुमच्या खोलीची लांबी पाच मीटर धरली, तर समोरच्या भिंतीवर छऱ्यांचा घोळका तळहाताएवढा किंवा त्याहूनही लहान पडेल. दारात उभे राहून चाप ओढला की खोली झाडून निघते, ही कल्पना ज्याने कोऱ्या कागदावर पाच मीटरवरून एकदा तरी बार टाकून पाहिला आहे त्याच्या डोक्यात टिकत नाही. इतक्या जवळून दुनळीलाही रायफलीसारखाच नेम लागतो. अंतर कमी आहे म्हणून पाखरांचा छर्रा निरुपद्रवी ठरतो, असेही समजू नका. पाच मीटरवर तोही जीव घेऊ शकतो, फक्त जाड कपड्यांतल्या माणसाला जागच्या जागी थांबवण्याची त्याच्यावर खात्री ठेवता येत नाही. आपल्याला न आवडणारी ही दोन्ही टोके एकाच काडतुसात आहेत.

तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ काडतुसांची नसून सालदाराच्या खोलीची आहे. अमेरिकी चाचण्या लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समच्या भिंतींवर केलेल्या असतात आणि तिकडचा मोठा छर्रा अशा कित्येक भिंती ओलांडून जातो. आपली नऊ इंची विटांची भिंत कोणताही छर्रा अडवते. जाड मातीची भिंतही बहुधा अडवेल, पण पावसाने पोखरलेल्या किंवा खिडकीशी पातळ झालेल्या भागावर मी पैज लावणार नाही. कुड मात्र पडदाच समजा. एलजी, एसजी, एसएसजी हे सगळे छर्रे कुडातून जातील, टिनपत्र्यातून जातील आणि प्लायवूडच्या दारातून जातील. मी स्वतः एसएसजी ठेवतो, कारण आमच्या वाड्याच्या चारही भिंती विटांच्या आहेत. तुम्ही काडतूस ठरवण्याआधी एक काम करा. घरातल्या ज्या दोन-तीन जागांवरून बंदूक हातात घ्यावी लागेल असे वाटते, तिथे दिवसा रिकाम्या हाताने उभे राहा आणि समोरच्या प्रत्येक दिशेला पलीकडे कोण झोपलेले असते ते मोजा. ज्या दिशेला कुड आहे, त्या दिशेसाठी कोणतेच काडतूस योग्य नाही.

धानवाला_गोंदिया

मी थोडे वेगळे सांगतो. दुनळीचा फायदाच हा आहे की दोन नळ्यांत दोन प्रकारची काडतुसे ठेवता येतात. पुढचा चाप बहुतेक बंदुकांत उजव्या, कमी चोकच्या नळीचा असतो, त्यात बीबी ठेवावे, आणि मागचा चाप डाव्या, घट्ट चोकच्या नळीचा असतो, त्यात एसएसजी ठेवावे. पहिल्या बाराने काम भागले तर बरे, न भागल्यास दुसरा आहेच. आमच्याकडे धानाच्या खळ्यावर जागलीला जाताना माझे काकाजी असेच करत असत.

माजी_सैनिक_वरूड

काकाजींचा मान राखूनच सांगतो, पण खळ्यावरची जागल आणि झोपेतून दचकून उठणे यांत फरक आहे. जागलीला बसलेला माणूस जागा असतो, त्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. रात्री दोन वाजता छाती धडधडत असताना कोणत्या चापामागे कोणते काडतूस आहे हे आठवावे लागणे, हीच मला चूक वाटते. एखाद्याला आधी ‘सौम्य’ बार टाकून बघू, असा हिशेब मनात असेल तर तो बार टाकण्याची वेळच अजून आलेली नाही. बंद खोलीत बार झाला की आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. त्यानंतर कान सुन्न होतात, नळीच्या तोंडाच्या झगमगाटाने डोळे दिपतात आणि बायको काय ओरडते आहे तेही ऐकू येत नाही. दोन्ही नळ्यांत एकच काडतूस असावे, हे माझे ठाम मत आहे.

नळीचा_कारागीर_नागपूर

तुम्ही दोघे छऱ्यांवर बोलत आहात आणि मला मात्र प्रश्नातल्या ‘आजोबांनी घेतलेली बेल्जियन’ या शब्दांनी अस्वस्थ केले आहे. आमच्या घरी दोन पिढ्या बंदूकदुरुस्तीचे काम आहे. कास्तकारभाऊ, तुमच्या बंदुकीचा चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते तो भाग, किती मिलिमीटरचा आहे? हे पाहिल्याशिवाय दुकानदाराने दिलेले एकही काडतूस तीत घालू नका.

जुन्या इंग्रजी आणि बेल्जियन दुनळ्यांपैकी पुष्कळांचे चेंबर ६५ मिलिमीटरचे, म्हणजे अडीच इंची आहेत. आज दुकानात मिळणारी बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. घोटाळा असा आहे की ७० हे माप उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचे आहे. न उडालेले काडतूस तोंडाला घडी घालून मिटलेले असल्यामुळे आखूड असते, त्यामुळे ते ६५ च्या चेंबरात अगदी सुखाने बसते, नळी बंद होते आणि काही बिघडले आहे असे वाटतही नाही. बार होताना ती घडी उघडून पुढच्या निमुळत्या भागात घुसते, छऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. नवी दणकट बंदूक एखाद्या वेळी ते सोसेल. सत्तर वर्षांच्या, बिजागरी सैल झालेल्या बंदुकीकडून मी ती अपेक्षा करणार नाही. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका दुनळीतली उडालेली नळकांडी मी पाहिली आहेत. त्यांची तोंडे झिरमिळ्या झाल्यासारखी फाटलेली होती, आणि मालक म्हणत होता की हल्ली बंदूक खांद्याला फार मारते.

नळ्या उघडून त्यांच्या खालच्या सपाट बाजूवर भिंगाने पाहा. बेल्जियन बंदुकीवर १२ च्या सोबत ६५ किंवा ७० असा आकडा कोरलेला सापडू शकतो, इंग्रजी बंदुकीवर २½ किंवा २¾. आकडा झिजला असेल तर जाणत्या कारागिराकडून मापकाने मोजून घ्या. नळीच्या पृष्ठभागावर पिळासारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी आहे, काळ्या दारूच्या काळातली. तीत आजचे काडतूस घालायचेच नाही, ती भिंतीवर शोभेला ठेवायची. आणि घरात २० बोअरचीही बंदूक असेल तर तिची काडतुसे त्याच डब्यात ठेवू नका, कारण २० चे काडतूस १२ च्या नळीत घसरत पुढे जाऊन अडकते आणि मागून १२ चे घातले की नळी फुटते. जगभर २० बोअरचे नळकांडे पिवळे करण्याची रीत त्यासाठीच पडली.

कास्तकार_घाटंजी

कारागीरदादा, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू ते कळत नाही. काल वडिलांसमोर नळ्या उतरवून पाहिल्या. चुलतभावाच्या घड्याळवाल्या मित्राचे भिंग आणले होते. डाव्या नळीखाली ‘६५’ स्पष्ट दिसतो, उजवीकडचा अर्धा झिजलेला आहे. दुकानदाराने दिलेल्या एलजीच्या डब्यावर ७० लिहिले आहे आणि चार नंबरच्या डब्यावर ६५. वडील म्हणाले की आजोबा कागदी काडतुसे आणत, त्यांच्यावरही अडीच इंचच लिहिलेले असे, पण ते का हे कुणाला कधी विचारावेसे वाटले नाही. पुढच्या आठवड्यात बंदूक परवान्यासह तपासणीला घेऊन जातो आहे. मापकाने मोजून आणि बिजागरी पाहून घेतल्याशिवाय तीत काहीच घालणार नाही.

एक कायद्याचा प्रश्न राहतो. कापूस नेताना कुणी सापडले, तर?

वकील_चंद्रपूर

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागेल, कारण गावागावांत त्याबद्दल धोकादायक समजुती आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खासगी संरक्षणाचा हक्क, जो पूर्वी कलम ९६ ते १०६ मध्ये होता, तो आता कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मजकूर बहुतांशी तोच आहे.

मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंत हा हक्क केव्हा जातो, ते कलम ४१ सांगते: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घरफोडी, राहत्या घराला किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीला आग लावणे किंवा स्फोटकाने नुकसान करणे, आणि अशी चोरी, नासधूस किंवा घुसखोरी जिच्यात हक्क वापरला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती आहे. नुसती चोरी त्यात नाही. तुमच्या पंपाच्या खोलीतून मोटार उचलून धुऱ्यावरून पळणाऱ्या माणसावर बार टाकला, तर तुम्ही फिर्यादी न राहता आरोपी व्हाल. कापसाचे बोद पाठीवर घेऊन पाठमोऱ्या धावणाऱ्या माणसाबद्दलही तेच. कलम ४३ नुसार रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क ती घुसखोरी चालू असेपर्यंतच टिकतो. चोर अंगणाबाहेर पडला की परिस्थिती बदलते. आणि कलम ३७ चा अंकुश या सगळ्यावर आहे की संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि शासकीय यंत्रणेकडे धाव घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. म्हणून ११२ ला आधी फोन लावावा. गाडी यायला तासभर लागेल हे मलाही ठाऊक आहे, पण त्या फोनची वेळ नोंदली जाते.

न्यायालये संरक्षण करणाऱ्याकडे केवळ संशयाने पाहतात असे नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. धोक्याची वाजवी भीती पुरेशी असते, प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबावे लागत नाही, आणि संकटात सापडलेल्या माणसाकडून सोन्याच्या काट्यावर तोलल्यासारखा हिशेब अपेक्षित नाही, हे त्यातून स्पष्ट होते. पण भीती वाजवी होती हे परिस्थितीवरूनच दिसावे लागते. म्हणूनच अंगणातला दिवा लावणे आणि मोठ्याने हटकणे, यांना कायद्यातही किंमत आहे.

सालदाराच्या खोलीबाबत कलम ४४ मुद्दाम वाचा. जीवघेण्या हल्ल्यापासून बचाव करताना निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत हक्क जातो. हे कलम जिवावर बेतलेल्या प्रसंगासाठी आहे, कापसासाठी नाही. कुडापलीकडच्या मुलाला छर्रा लागला आणि घरात शिरलेल्या माणसाच्या हातात फक्त टॉर्च होती असे निघाले, तर हे कलम तुमच्या कामी येणार नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. परवाना तुमच्या नावावर आहे. वडिलांचा आता संपला. तुम्ही यवतमाळला मुक्कामी असताना त्यांनी ती बंदूक हाताळावी अशी व्यवस्था परवान्यात नसेल तर ती कुलूपबंद राहिली पाहिजे. आणि तुमचा तालुका टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूचा आहे, म्हणून सांगतो की एलजी घरात आहे तर डुक्कर-रोह्यावरही चालेल, हा मोह नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय ती शिकार ठरते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने वन्यप्राणी मारला गेला तर कलम ११(२) संरक्षण देते. पिकासाठी देत नाही.

सुनंदा_आर्वी

मी बंदूक चालवत नाही, पण सतरा वर्षे ती ज्या घरात आहे तिथे स्वयंपाक करते, म्हणून लिहिते. माझ्या सासऱ्यांनी काडतुसे माळ्यावर, टिनपत्र्याखाली एका पिशवीत ठेवली होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा त्या माळ्यावर हात ठेववत नाही, आणि मृगानंतर त्याच पिशवीला ओल येते. एका पोळ्याला मामांजींनी पिशवी उतरवली तेव्हा कागदी नळकांडी फुगलेली होती, पितळी बुडांवर हिरवट थर चढला होता, आणि पाचांपैकी तीन नळीत बसतच नव्हती. चौथे बसले, पण निघेना. त्या दिवशी घरात जे वातावरण होते ते मला आजही आठवते, कारण अडकलेले काडतूस दांडक्याने ठोकून काढावे असे माझ्या दिरांचे म्हणणे होते. नशिबाने मामांजींनी ऐकले नाही आणि बंदूक तशीच उघडी ठेवून जाणत्या माणसाला बोलावले.

आता काडतुसे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, घरातल्या सर्वांत थंड खोलीत असतात आणि डब्यावर खरेदीचा महिना लिहिलेला असतो. त्यांना तेल लावायचे नाही, कारण ते बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत झिरपून बार फुसका जातो, असे आम्हाला सांगण्यात आले. बंदूक वेगळ्या लोखंडी कपाटात, रिकामी, आणि दोन्ही किल्ल्या दोन जागी. माझ्या मुलाला मी सहाव्या वर्षीच कपाट उघडून ती दाखवली, हात लावू दिला, आणि तिच्याबद्दलचे कुतूहल तिथेच मिटवले. तुमच्याकडे तर सालदाराचीही मुले आहेत. ती घरभर वावरत असतील.

आणि भाऊ, चाळीस क्विंटल कापूस विकून टाका. भाव दोनशेने वाढेल म्हणून वडिलांची झोप घालवणे मला पटत नाही.

माजी_सैनिक_वरूड

ताईंनी लिहिले त्यावर मला काही जोडायचे नाही, फक्त काडतुसांचा प्रश्न पूर्ण करतो. चेंबर ६५ चा निघाला आहे, तेव्हा ६५ मिलिमीटरचेच एसएसजी मागवा. आपल्याकडची १२ बोअरची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनत आली आहेत. तो १८६९ चा आहे आणि ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. तिथल्या मालाच्या डब्यावर आणि नळकांड्यावर लांबी व छऱ्याचे माप छापलेले असते, ते दुकानातच वाचून घ्यायचे. एसएसजी मिळाले नाही तर एएए घ्या. ते पाच-सहा मीटरवर बीबीपेक्षा भरवशाचे आहे आणि वजन कमी असल्यामुळे मातीच्या भिंतीत एलजीइतके खोल जाणार नाही. कुडातून तेही जाईल, यात बदल नाही. अखंड गोळीचे काडतूस मात्र घरासाठी नको, आणि घट्ट चोकच्या जुन्या नळीत तर मुळीच नको.

बारा-पंधरा काडतुसे अधिकृत रेंजवर खर्च करा. परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत तेवढी सहज बसतात. पाच मीटर आणि दहा मीटर, दोन्ही नळ्या, प्रत्येकी वेगळा कागद. ते कागद फेकू नका, घरी आणून वडिलांनाही दाखवा.

कास्तकार_घाटंजी

सर्वांना सविस्तर कळवतो. कारागिराने मापकाने दोन्ही चेंबर ६५ चेच असल्याचे सांगितले, बिजागरीत थोडी ढिलाई होती ती काढून दिली, आणि नळ्या पोलादी आहेत, दमास्कस नाहीत, असे सांगून निर्धास्त केले. ७० चे एलजी दुकानदाराला परत केले. त्याने थोडी कुरकुर केली, पण नोंदवही दुरुस्त करून माल परत घेतला. ६५ चे एसएसजी त्याच्याकडे नव्हते, एएए होते, ते दहा घेतले. आठ रेंजवर वापरली. पाच मीटरवर डाव्या नळीचा घोळका माझ्या मुठीएवढा पडला आणि उजव्या नळीचा तळहाताएवढा. पहिले दोन बार मी कागदाच्या कडेला मारले होते हेही कबूल करतो.

घरी आल्यावर माजी सैनिककाकांनी सांगितल्याप्रमाणे दिवसा उभे राहून दिशा मोजल्या. माझ्या खोलीच्या दारातून पुढच्या खोलीकडे पाहिले तर समोर विटांची भिंत आणि कापसाची थप्पी आहे. मागच्या दारातून पाहिले तर सरळ रेषेत सालदाराची खोली येते, आणि त्याच्या लहान मुलीची बाज नेमकी त्याच कुडाला लागून आहे. ती बाज त्याच संध्याकाळी दुसऱ्या बाजूला सरकवली. मागच्या दाराला आतून लोखंडी अडसर बसवला, म्हणजे त्या दिशेला बंदूक घेऊन उभे राहण्याचा प्रसंगच येऊ नये, आणि उन्हाळ्यात त्या खोलीची ती एक भिंत विटांची बांधून द्यायचे ठरले आहे. विटा सांगून ठेवल्या आहेत.

कापूस मंगळवारी जिनिंगला गेला. सुनंदाताई, भाव दोनशेने नाही, साठ रुपयांनी वाढला होता.